लक्ष्मीबाई टिळक : पत्नी, आई आणि आजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वर्धापनदिनाचा क्रम आता ठरून गेलेला आहे. आधी ईशस्तवन, मग अहवालवाचन, मग वर्षभरात दिवंगत झालेल्या भगिनींना श्रद्धांजली आणि त्यानंतर पाहुण्यांचे भाषण. श्रद्धांजलीला आपण दोन मिनिटे उभ्या राहतो, खाली बसतो, पदराने डोळे टिपतो आणि पुढच्या कार्यक्रमाला लागतो. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले की, बाहेरचा पाहुणा नको, तुम्हीच बोला; आणि विषय असा घ्या की गेलेल्या भगिनींचे स्मरणही होईल आणि ऐकणारीला घरी नेण्यासारखे काही मिळेल. त्यासाठी मी मंडळाची ठरावांची वही मागवून घेतली आणि दोन दुपारी ती वाचीत बसले.

वहीत दुखवट्याचे ठराव पुष्कळ आहेत. कै. अमुक बाई या अत्यंत प्रेमळ, सोशिक, सुगरण व धर्मपरायण होत्या, त्यांच्या जाण्याने मंडळाची अपरिमित हानी झाली आहे, ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. नाव बदलते, तारीख बदलते, मजकूर तोच राहतो. त्यात खोटे काही नाही. त्या खरोखरच प्रेमळ होत्या आणि त्यांच्या हातच्या अनारशांना खरोखरच जाळी पडत असे. पण ठराव वाचून ती बाई काही डोळ्यांपुढे उभी राहात नाही. एक जण खजिनदार असताना चार आण्यांसाठी सबंध सभा थांबवून धरीत असे, एकीला भजनात नेहमी वरचा सूर लागे आणि बाकीच्या हळूच एकमेकींकडे बघत, एक जण कोणाच्याही बाळंतपणाला अर्ध्या रात्री निघे पण स्वतःच्या दुखण्याला डॉक्टर बोलावू देत नसे. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असणाऱ्या आपणही कमी कमी होत चाललो आहोत. वहीत उरली आहेत ती चार विशेषणे.

घरी तरी वेगळे काय होते? भिंतीवर तसबीर लागते, तसबिरीला हार चढतो, वर्षश्राद्धाला तिला आवडणारी भाजी केली जाते. आणि नातवंडांना विचारावे की आजीचे माहेरचे नाव काय रे, तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून आज मी अशा एका पत्नीची, आईची आणि आजीची आठवण काढणार आहे, जिची आठवण चार विशेषणांत संपली नाही. तिच्या मुलाने आणि नातवाने ती संपू दिली नाही, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतःच ती संपू दिली नाही. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकींनी वाचले असेल, निदान शाळेत एखादा धडा तरी वाचला असेल. १९८० नंतरच्या काळात विजया मेहतांनी त्यावर केलेला दूरदर्शनवरचा चित्रपट काही जणींना आठवत असेल. त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. पण मला आज पुस्तकाचे परीक्षण करायचे नाही. घरातले माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी ठेवावी, एवढ्यापुरतेच मी या बाईंकडे बघणार आहे.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. आईकडच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने असे घर केले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरात ही मुलगी वाढली. १८८० मध्ये बारा वर्षांच्या आत-बाहेर असताना तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखू लागला, ते हे टिळक.

इथे थोडे थांबते, कारण नावाची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माधवराव रानड्यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या यमुना कुर्लेकर. अण्णासाहेब कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सगळे बाया म्हणत, त्या माहेरच्या गोदूबाई जोशी. आणि या मनकर्णिका गोखले. तिघींची नावे लग्नात बदलली, तिघी मोठ्या माणसांच्या पत्नी झाल्या, आणि तिघींनीही आठवणी लिहून ठेवल्या म्हणून त्यांची पहिली नावे आज आपल्याला सांगता येतात. आपल्या आज्यांची सांगता येत नाहीत. त्यांनी आयुष्यात कमी सोसले म्हणून काही हे झालेले नाही.

रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्या काळी बायका उखाण्यात तेवढे नवऱ्याचे नाव घेत, एरवी नाही. रमाबाईंपुढे मोठाच पेच होता: ज्यांच्याविषयी सबंध पुस्तक लिहायचे, त्यांचे नाव कसे घ्यायचे? त्यांनी ‘स्वतः’ असा शब्द वापरला. ‘स्वतः’ कचेरीतून आले, ‘स्वतः’ असे म्हणाले. वाचताना प्रथम चुकल्यासारखे होते आणि मग त्या शब्दाचीच गोडी लागते.

लक्ष्मीबाईंनी हा पेच एका फटक्यात सोडवला. त्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात. पुस्तकभर टिळक. टिळक आले, टिळक रागावले, टिळक न सांगता निघून गेले. अनेकवचन आहे, आदर आहे, पण लपवाछपवी नाही. आणि टिळक म्हणजे काही साधा संसारी मनुष्य नव्हे. मोठ्या मनाचा, विद्वान, आणि घरात राहायला महाकठीण. मनात आले की नोकरी सोडायची, मनात आले की गाव सोडायचे, खिशातले पैसे पुढे येईल त्याला द्यायचे, राग आला की आकाशपाताळ एक करायचे आणि तासाभराने लहान मुलासारखे हळवे व्हायचे. मागे चूल सांभाळायला बायको आहेच. लक्ष्मीबाईंनी हे सगळे लिहिले आहे, आणि असे लिहिले आहे की वाचणारीला टिळकांचा राग येता येता त्यांच्यावर माया जडते. अक्षरओळख करून दिली ती याच टिळकांनी. त्यांनी शिकवलेल्या अक्षरांनीच तिने त्यांचे खरे चित्र काढले.

मग तो प्रसंग आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी दूर, माहेरच्या माणसांत, पदरात लहानगा दत्तू. आज आपल्याला त्या घटनेची धार पुरतेपणी कळणार नाही. नवरा जिवंत आहे आणि तरी गेल्यासारखा आहे. कुंकू आहे आणि तरी लोक हळहळायला येत आहेत. पोटात अन्न जाईना, मन थाऱ्यावर राहीना. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान पेंडसे यांनी आधार दिला म्हणून ती उभी राहिली. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली. याच काळात, रडून रडून डोळे कोरडे झाले तेव्हा, ती कविता करू लागली.

पुढे ती टिळकांकडे नगरला गेली, पण एकदम काही त्यांच्या पंगतीला बसली नाही. तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे, सोवळे जसेच्या तसे. टिळकांनीही ते चालू दिले. हे त्या मनुष्याचे मोठेपण, आणि तिने ते मोठेपण कोठेही झाकले नाही. मग विचार करता करता एके दिवशी तिच्या मनाने घेतले की जात ही माणसांनी केलेली आहे. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी तिला चालू लागले, आणि हे तिने बाप्तिस्मा घेण्याच्या आधी केले. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. वडिलांच्या त्या धुण्या-पुसण्यात वाढलेल्या मुलीने किती मोठे अंतर तोडले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आपल्या या मंडळात निरनिराळ्या देवांना हात जोडणाऱ्या भगिनी आहेत. तिचा निर्णय सगळ्यांना पटावा असे माझे म्हणणे नाही. तो तिच्या काळी फार थोड्यांना पटला होता. मला एवढेच दाखवायचे आहे की तो तिचा होता.

१९५० मध्ये या पुस्तकाचे इंग्रजीत भाषांतर झाले, त्याचे नाव ठेवले गेले ‘आय फॉलो आफ्टर’. म्हणजे, मी पाठोपाठ जाते. भाषांतर करणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण हे नाव मला तितकेसे पटत नाही. ती पाठोपाठ गेली हे खरे. परंतु प्रत्येक पाऊल टाकण्याआधी खालची जमीन तिने स्वतः चाचपून पाहिली, आणि पाच वर्षे लागली तर पाच वर्षे लावली. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी ते पुन्हा इंग्रजीत आणले, तेव्हा मूळचेच मराठी नाव ठेवले. बरे केले.

आता आई म्हणून. पोटचा दत्तू, म्हणजे देवदत्त. आणि पोटच्या लेकीसारखी वाढवलेली तारा. पण या घरात मुलांची मोजदाद कधी नीट झालीच नाही. छप्पन्नच्या दुष्काळाने पोरकी झालेली मुले, कोणी आणून सोडलेली, कोणी टिळकांनी रस्त्यावरून उचलून आणलेली. टिळकांनी आणायची आणि हिने वाढवायची, अशी वाटणी. उपकाराची भाषा तिच्या लिहिण्यात नाही. पोळ्या किती लागत आणि कोण किती खाई, याची आहे. मला वाटते, आईपणाचे यापेक्षा खरे वर्णन नाही. ज्या बाईने रोज वीस माणसांचे पीठ मळले आहे, ती ‘वात्सल्यसिंधू’ वगैरे शब्दांच्या वाटेला जात नाही.

याच घरात एक थोरला मुलगाही आला. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले होते. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्याला बालकवी हे नाव मिळाले. पुढे टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले. मनाने हळवा, घटकेत रुसणारा, घटकेत हसणारा. एक कवी सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हा दुसरा! लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखा सांभाळला आणि पुस्तकातही तसाच आणला. १९१८ मध्ये भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीसही झाले नव्हते. बालकवींच्या कवितांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. तो जेवायला कसा बसे, कशाने चिडे, त्याची समजूत कशी काढावी लागे, हे जिने त्याला वाढले तिनेच सांगावे.

आणि लगेच दुसऱ्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. लक्ष्मीबाईंचे वय पन्नाशीचे. घरात पैसा नाही, कारण टिळकांच्या हाती तो कधी टिकलाच नव्हता. या वयात तिने बाहेर पडून काम केले, मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, आणि पुढे मुलाच्या संसाराबरोबर थेट कराचीला गेली. जलालपूरची सोवळ्यातली मुलगी कराचीत आजी झाली.

टिळक जाताना एक काम अर्धवट ठेवून गेले होते. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गावे म्हणून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि थांबले. लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि पुढचे साठांवर अध्याय लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई! ओवी मात्र तिला कोणी शिकवावी लागली नाही. जात्यावरच्या बाईला ओवी कोण शिकवणार? ग्रंथाचा शेवट देवदत्तांनी केला आणि १९३८ मध्ये तो छापून निघाला. वडिलांनी आरंभ केला, आईने मध्य उचलला, मुलाने शेवट गाठला. नवऱ्याचे स्मारक म्हणून संगमरवरी दगड बसवणाऱ्या पुष्कळ असतात. नवऱ्याच्या सहापट ओव्या लिहिणारी मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. ‘स्मृतिचित्रे’ लिहिली कशी गेली? लक्ष्मीबाई काही एके दिवशी आत्मचरित्र लिहावे म्हणून बसल्या नाहीत. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला म्हटले की तुझ्या आठवणी लिहून दे. म्हणजे मागणी होती ती टिळकांविषयीच्या आठवणींची. आई लिहायला लागली, आणि टिळकांबरोबर ती स्वतःही आत आली. तिचे माहेर आले, सासरे आले, भिकूताई आली, दत्तू आला, चूल आणि उधारी आली. १९३४ मध्ये पहिला भाग निघाला आणि सबंध महाराष्ट्राच्या लक्षात आले की नवऱ्याची हकीकत सांगता सांगता या बाईने स्वतःचे आयुष्य सांगून टाकले आहे. देवदत्तांच्याही लक्षात आले असणार, आणि त्यांनी ते थांबवले नाही. हे त्यांचे उपकार मी फार मोठे समजते. वडिलांपुरते निवडून घेऊन आईचे बाजूला ठेवणारा मुलगा असता, तर आपल्याला फक्त एक चरित्र मिळाले असते.

हे वाचल्यावर मी घरी एक प्रयोग करून पाहिला. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना मी एकदा म्हटले, ‘‘सासूबाई, तुमच्या आयुष्यातले काही सांगा ना.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझे मेलीचे काय सांगण्यासारखे आहे? रांधा, वाढा, उष्टी काढा.’’ झाले, बोलणे खुंटले. दोन दिवसांनी मी विचारले, ‘‘मामंजींना पहिली नोकरी लागली तेव्हा बिऱ्हाड कुठे केले होते हो?’’ आणि मग त्या दीड तास बोलत होत्या. बिऱ्हाडाच्या मागची विहीर, तिचा रहाट हाताला कसा लागे, शेजारच्या बाईने चोरून शिकवलेले विणकाम, ते विकून आलेले पहिले अडीच रुपये डब्यात तांदळाखाली कसे ठेवले आणि ते मामंजींना कधीच कसे सांगितले नाहीत. तोवर आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते की त्यांनी कधी स्वतःचा पैसा मिळवला होता. आज त्या नाहीत. त्यांच्या विषयीचे हे अडीच रुपये माझ्यापाशी आहेत, आणि माझ्या नातीला ते तिच्या कानातल्या कुड्यांइतकेच प्रिय आहेत.

तेव्हा भगिनींनो, बाईला तिचे विचारू नये, तिच्या माणसांचे विचारावे. ती आपोआप आत येते. आयुष्य कसे गेले असे विचारले की उत्तर मिळते, ‘बरे गेले’. पाणी कुठून भरत होता, पहिल्या मंगळागौरीला कोण कोण होते, दिराच्या मुंजीत रुसवा कोणाचा झाला, रेशनच्या दिवसांत गोड काय करीत होता, असे विचारले की गोष्ट सुरू होते. आणि ऐकताना मध्ये बोलू नये. हे आपल्याला जड जाईल, याची मला कल्पना आहे!

बाया कर्व्यांचे ‘माझे पुराण’ असेच हाताला लागले. ते १९४४ मध्ये निघाले आणि त्यामागे त्यांच्या सुनेचा, कावेरीबाईंचा हात होता. सासूचे पुराण सुनेने सिद्ध करावे, ही गोष्ट आपल्या मंडळात तरी टाळ्या घेण्यासारखी आहे. अण्णासाहेबांनी १८९६ मध्ये आश्रम काढला आणि साठवलेले हजार रुपये त्याला दिले, आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. जगाने धन्य धन्य म्हटले. पण मुलांच्या दुधाचे काय, हे बघायला बाया होत्या. त्यांचे ते म्हणणे त्यांच्याच तोंडून राहिले म्हणून अण्णासाहेब लहान झाले नाहीत. उलट त्या त्यागाची किंमत कोणी कोणी भरली, ते नीट कळले.

यावर एक भगिनी मला परवा म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही, की गेलेल्या माणसाचे गुणच बोलावेत. दोष चव्हाट्यावर आणून काय मिळवायचे? मी त्यावर पुष्कळ विचार केला. सगळेच सांगायचे नसते, हे मला मान्य आहे. दुसऱ्याचे गुपित आपल्या आईच्या आठवणीत ओढून आणू नये. ज्या जखमेने घरातले कोणी अजून विव्हळत आहे, तिथे बोट घालू नये. पण तेवढे सोडले तर बाकीचे लपवून आपण त्या बाईवर अन्याय करतो. सोशिक म्हटले की संपले. काय सोसले, कोणासाठी सोसले आणि कोणत्या दिवशी सोसायचे नाकारले, हे कोणी विचारीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना सोशिक म्हणून बघा बरे. शब्द थिटा पडतो. त्या भांडत, हट्ट धरीत, फजिती झाली की स्वतःच हसत. टिळक त्यांच्यावर जीव टाकत होते आणि त्यांचा छळही करीत होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच पानावर खऱ्या आहेत. लक्ष्मीबाईंनी आपल्याला रडवले ते जिथे त्या रडल्या तिथे नव्हे. जिथे त्यांनी हसून सांगितले तिथे. निदान मला तरी तसे झाले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. लिखाण चालूच होते. चौथा भाग त्यांच्या मागे निघाला. ‘भरली घागर’ हा कवितासंग्रहही त्यांच्या मागेच आला. मुलाने पुढे ‘स्मृतिचित्रां’ची संक्षिप्त आवृत्ती तयार केली, ती १९५८ मध्ये साहित्य अकादमीने काढली. आणि आता नातवाची गोष्ट सांगते, मग माझे बोलणे आटोपते.

आजी गेली तेव्हा अशोक देवदत्त टिळक लहान होते. आजीची एक खोड अशी की ती सनावळीच्या वाटेला फारशी जात नसे. अमुक झाले तेव्हा दत्तू रांगत होता, तमुक झाले ते प्लेगच्या आधी, अशी तिची कालगणना. आपल्याही घरच्या बायका असेच सांगतात. कोणी विचारले कधी, तर धाकटीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा. विद्वानांना हे चालत नाही. नातवाने काय करावे? आजीच्या वाक्याला हात लावला नाही. तिने म्हटलेले तसेच ठेवले, आणि खाली टिपांतून ती ती माणसे कोण, ती गावे कोणती, ते साल कोणते, हे कागदपत्रे धुंडाळून लावून दिले. १९८९ मध्ये ती ‘अभिनव आवृत्ती’ निघाली, आजी जाऊन त्रेपन्न वर्षांनी. मोठी माणसे आईबापांचे चरित्र लिहितात, पण आजीला न सुधारता तिच्या पायाशी बसून टिपा लावणारा नातू मला फार आवडतो.

आपल्या घरांतून एवढे होईल न होईल. पण एक वही, एक पेन आणि सातवी-आठवीतले एखादे नातवंड एवढे भांडवल प्रत्येकीपाशी आहे. हल्ली तर मुलांच्या हातात बोलणे टिपून घेणारा फोनही असतो. आजीच्या बोलण्यातले शब्द त्यांनी शुद्ध करू नयेत, एवढे मात्र बजावून सांगा. ती ‘इस्टो’ म्हणत असेल तर ‘इस्टो’च लिहावे. आणि पहिल्या पानावर तिचे माहेरचे नाव घालावे.

कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे, ती इथेच सांगून टाकते. पुढच्या स्मरणिकेत दिवंगत भगिनींसाठी ठरावाऐवजी प्रत्येकी एक पान ठेवले जाईल, आणि ते तिच्या शेजारणीने, सुनेने किंवा नातवंडाने लिहायचे आहे. मजकूर चिटणीसबाईंकडे दिवाळीपूर्वी द्यावा. ‘स्मृतिचित्रे’ मंडळाच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. एकच प्रत आहे आणि मागणाऱ्या तीन जणी मला समोर आताच दिसत आहेत, तेव्हा पंधरा दिवसांत परत करावी.